इंजिनाच्या झाकणातल्या अकरा फटी

अकोल्याहून चिखलदऱ्याला जायचे ठरवले ते हवा खाण्यासाठी नव्हे, एका वादाचा निकाल लावण्यासाठी. माझे थोरले बंधू, दादा, तीन वर्षांपूर्वी गेले. मागे ठेवलेली त्यांची दोन आसनी स्पोर्ट्स कार मृत्युपत्राप्रमाणे माझी आणि त्यांची मुलगी मृदुला हिची. मृदुला नागपुरात असते आणि त्याच मालिकेतली चौथ्या पिढीची गाडी चालवते. तिचे म्हणणे, जुनी गाडी चालती ठेवायची तर तिच्यात नवे इंजिन बसवावे. “कंपनीनेच दर पिढीत इंजिन बदललं ना, काका?”

आयुष्यभर कायदा शिकवलेला मी. म्हणालो, “विकास मालिकेचा होतो, एका गाडीचा नव्हे.” शेवटी करार झाला: गाडी न थांबता घाट चढली तर इंजिन राहील, थांबली तर बदलेल.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी निघालो. मूर्तिजापूरमार्गे अमरावतीचा रस्ता आता इतका उत्तम आहे की जुन्या गाडीने जाणाऱ्यांनी निर्धास्त असावे. दुपारचे ऊन मात्र टाळावे. अमरावतीत मृदुला भेटली. गिला वडा, म्हणजे इकडचा दहीवडा, खाल्ला (दोघांचे पोट शंभराच्या आत भरते) आणि दोन्ही गाड्या शेजारी लावून पाहिल्या.

दादांची गाडी पहिल्या पिढीची: इंजिन आसनांच्या मागे, नुसत्या वाऱ्यावर थंड होणारे; सुकाणू सडपातळ, वळवताना खांदे दुखवणारे. दुसऱ्या पिढीत चाके रुंदावली आणि इंजिनाच्या झाकणात हवेसाठी फटी आल्या. तिसऱ्या पिढीत इंजिन पाण्याने थंड होऊ लागले. चौथीत वेग वाढला की मागचा पंख आपोआप उचलला जातो. बदलली नाही ती फक्त छपराची उतरती रेषा. दादा धुतलेल्या गाडीवरचा पाण्याचा थेंब त्या रेषेवरून कसा घरंगळतो ते तासन्‌तास पाहत. मी हसत असे. आज मीही पाहत उभा राहिलो.

परतवाड्यात पेट्रोल भरून घ्यावे. वर पंपाची खात्री नसते. घाट सुरू झाला आणि चौथ्या वळणावर तापलेल्या तेलाचा वास आला. सहाव्या वळणावर गाडी थांबली. मागून मृदुला उतरून आली. तिने चाकामागे दगड लावला.

गाडी निवल्यावर सावकाश उतरून परतवाड्यातल्या रशीदभाईंच्या गॅरेजात आलो. दादांची गाडी आधी त्यांचे वडील पाहत, आता ते पाहतात. मी म्हणालो, “इंजिन काढायचे आहे.”

“काहून?”

“तापते.”

“तापनच ना साहेब! तुमी तिचं नाक दाबून ठेवलं अन् म्हणता सास घेत नाई.”

दादा गेल्यानंतर मी मुंबईहून अस्सल, कारखान्यातले, अखंड झाकण मागवले होते. दादांचे झाकण कापलेले होते. मला गाडी मूळ स्वरूपात हवी होती. ते बदलणारे रशीदभाईच.

“तेव्हा बोलला का नाहीत?”

“बोल्लो होतो. तुमी म्हणले, पुरावा दाखवा. आता वकीलसाहेबाले म्या कोनता पुरावा दाखवू?”

मृदुला हसू दाबत होती. “बाबांचं झाकण कुठे आहे, रशीदकाका?”

“या, दाखवतो.” मागच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून ते झाकण होते, लाल रंग फासलेले. “फटी हायेत ना, कोंबड्यायले हवा लागते. तुमच्या बाबांनी अन् माह्या अब्बांनी याच अंगणात कापल्या होत्या. वऱ्हाडचं ऊन कंपनीले का माईत?”

मी वाकून पाहिले. फटी नेमक्या तिथेच होत्या, जिथे दुसऱ्या पिढीच्या झाकणात असतात. आणि दादांनी त्या कापल्या तेव्हा दुसरी पिढी बाजारात यायची होती. विकास एका गाडीचा होत नाही, हे माझे विधान खुराड्यावर आडवे पडले होते.

“गाडी थांबली, करारात मी हरलो,” मी मृदुलाला म्हणालो. “इंजिन बदलण्याचा तुझा हक्क मान्य.”

ती म्हणाली, “बाबांची गाडी घाट चढायला निघालीच कुठे, काका? थांबली ती तुमची, अखंड झाकणाची. उद्या सकाळी बाबांची चढू दे.”

परतवाड्यातच मुक्काम केला. सकाळी झाकण धुऊन बसवले. कोंबड्या तक्रार करत होत्या. सहावे वळण आले. मी वास घेत राहिलो. फक्त ओल्या रानाचा वास. चिखलदऱ्याला पोहोचेपर्यंत एकदाही थांबलो नाही. तिथली कॉफी जरूर प्या. मृदुलाने ती पिताना इंजिनाचा विषय काढला नाही, मीही नाही.

आता अकोल्यात गाडी उभी आहे. अंग पांढरे, झाकण लाल, त्यावर चोचींचे ओरखडे. रंगवायचे नाही असे ठरले आहे. काचेवर मीच लावलेली ‘संपूर्ण मूळ स्वरूपात’ ही चिठ्ठी काढून टाकली. काल फटी मोजल्या. डावीकडे पाच, उजवीकडे सहा. कारखान्याने सारख्या कापल्या असत्या. फेरफटका मारून आल्यावर मी त्यांच्यावर तळहात धरला. आतली ऊब बराच वेळ वर येत राहिली.