दोन जोड मोजे

माझे वडील अकोल्यात भिक्षुकी करायचे. पूजा, वास्तुशांत, लग्नं, श्राद्धं. आयुष्य चपलेत आणि त्याहून जास्त अनवाणी गेलेलं. आई गेल्यावर ते एकटेच राहायचे. मी अमरावतीला शिकवणी वर्गात गणित शिकवते. दर रविवारी एसटीनं त्यांच्याकडे जायचे आणि उरलेले सहा दिवस फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायचे.

त्यांना साखरेचा आजार. डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलेलं. इतर दिवसांत चालायचे, थंडी पडली की बंद. "पाय गार पडतात बाई, बाहेर निघावंसंच वाटत नाही." एका हिवाळ्यात असे घरी बसले आणि साखर इतकी चढली की दवाखान्यात भरती करावं लागलं. पुढच्या थंडीआधी मी ठरवलं, बाबा चालतील म्हणजे चालतील.

सगळा सरंजाम घेऊन गेले. आतून घालायचं गरम बनियन, स्वेटर, मफलर, कानटोपी, लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड आणि बूट. बूट त्यांच्या जुन्या चपलेच्या मापानं अमरावतीतच घेतलेले. धोतराखाली ते बूट पाहून मला हसू आवरेना. "शाळेत चालले काय गुरुजी?" म्हटलं. तेही हसले. मग दोन पावलं टाकून म्हणाले, "तंग होऊन राहिले ना बाई. एकच मोजा घालू काय?"

"दोन्ही घालायचे. बूट वापरून वापरून सैल होतात."

नंतर त्यांनी तक्रार केली नाही. मला वाटलं, झाले सैल. फोनवर खुशीत सांगायचे, "आज दीड तास चाललो. मले काईच होत नाही आता." खरंच काही होत नव्हतं, कारण साखरेनं त्यांच्या पायांना दुखलं-खुपलं कळेनासंच झालं होतं. तिकडे मी वर्गात मुलांपुढे बापाची फुशारकी मारत होते.

पौष लागला. पौषात कार्यं नसतात, बाबा घरीच. मोजे दिवसभर पायात, तेही माझ्याच हुकमानं. डोळ्यांत मोतीबिंदू, कंबर धड वाकत नाही. आंघोळीत पायांवर पाणी ओतायचं, झालं. एरवी पूजा संपली की यजमान नवरा-बायको त्यांच्या उघड्या पायांवर डोकं टेकवायचे, कुणी ना कुणी ते पाय पाहायचंच. त्या महिन्यात नमस्कार करणारी मी एकटी, आणि तोही मोज्यांवरून. एका रविवारी वाकले तर वास आला. मी उखडलेच.

"मोजे धूत नाही काय तुम्ही?"

"धुतो ना बाई," ते ओशाळून म्हणाले. मी निघताना साबणाची नवी वडी काढून ठेवली आणि बस पकडली.

पुढच्या रविवारी मीच धुवायला घेते म्हणून मोजे ओढले. डाव्या पायाचा निघेना. कोमट पाणी ओतून सोडवला, तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलेलं. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत विचारत होते, "काय झालं? काय झालं सांग ना."

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, बूट कुणी आणले. मी, म्हटलं. ते रागावले नाहीत. एकच मोजा, बोटं हलतील एवढा बूट आणि घालण्याआधी, काढल्यावर पाय नीट पाहायचा, एवढंच असतं, म्हणाले. दोन्ही बोटं काढावी लागली. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले आणि स्वतःला नाही नाही ते बोलले.

जखम भरता भरता चैत्र उजाडला. एका जुन्या यजमानांचा फोन आला, मुलीचं लग्न होतं. मला खूप आनंद झाला, बाबा आता परत मांडवात बसतील. बाबांनी त्यांना दुसऱ्या गुरुजींचा नंबर दिला आणि फोन ठेवला.

"काहून नाही म्हटलं? पाय तर धोतराखाली राहते. कोण पाहते?"

"मले माहीत आहे ना. अंगात व्यंग असलेल्यानं पाटावर बसू नये."

"असं कोण म्हणते?"

"मीच म्हणत आलो," बाबा म्हणाले. "आमच्यातलाच एक भिक्षुक होता. कडबा कापायच्या यंत्रात बोट गेलं त्याचं. मी त्याले भर मांडवातून उठवलं. घरी जाय म्हटलं."



त्यानंतरचा हिवाळा ते एकही दिवस न चुकता चालले. मोठ्या मापाचे बूट, एकच सुती मोजा, घाम आला की उतरवता येईल असं पातळ स्वेटर. रोज संध्याकाळी मी त्यांना व्हिडिओ कॉलवर तळपाय दाखवायला लावते. साखर ताब्यात आहे, डॉक्टर खूश आहेत. सकाळी आठ वाजता बाबा फिरून येतात, बूट काढतात, आणि मग दिवसभर त्यांना कुठंच जायचं नसतं.