आधी मोठ्यानं वाच

पार्वतीबाईंनी तव्यावर भाकरी टाकली आणि दाराची कडी वाजली. ओसरीवर चूळ भरत असलेल्या किशनरावांनी घाईनं पंच्याला तोंड पुसलं.

"भक्ती आली बघ. आज लवकर आली."

पण उंबऱ्याशी चपला वाजल्या त्या मोठ्या माणसाच्या. भक्तीची आई होती, मंजुषा. हातातली पिशवी तिनं खाली ठेवली.

किशनरावांनी पाथरीच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. काचबिंदूनं डोळे नेले तेव्हा वाटलं, संपलं आता. मग कळलं, समीकरण मांडायला डोळे लागतच नाहीत. पोरानं शाब्दिक गणित मोठ्यानं वाचायचं, अडखळलं की सर विचारायचे, "काय माहीत नाही, ते आधी सांग. त्याला एक्स धर." पुस्तकातली 'अ' गावाहून सुटणारी गाडी ते जवळच्या सेलूहून सोडायचे. मग पोरांना रूळ दिसायचे, अंतर दिसायचं. पण वर्षागणिक पोरं नव्या क्लासला जाऊ लागली. उरली एकटी भक्ती.

परवाच तिनं वाचलं, आईचं वय लेकीच्या तिप्पट. आणि तीन लावले आईच्या एक्सला, लेकीच्या वायला लावायचे सोडून. लिहिलेलं तिनं वाचून दाखवलं तसे सर म्हणाले, "अगं, लेकच आईपेक्षा म्हातारी करून ठेवलीस की!" चुलीपासून पार्वतीबाई म्हणाल्या, "मग माहेरपण कोणी कोणाचं करायचं?" तिघंही किती हसली होती.

"सर, राग मानू नका," मंजुषा म्हणाली. "भक्तीचं नाव बसस्टँडजवळच्या क्लासात घातलंय. दहावीचं साल हाय."

"कसं शिकवतात तिथं?"

"लय वाचत बसायचं काम न्हाई म्हणे. 'जास्त' दिसलं की बेरीज, 'कमी' दिसलं की वजाबाकी."

बाप लेकापेक्षा तिसानं जास्त. लेकाचं वय काढायचं तर तीस वजाच करावे लागतात. किशनरावांच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांनी विचारलं दुसरंच.

"तूही माझ्याच हाताखाली शिकलीस ना, मंजे?"

"शिकले की. अन् गणितातच नापास झाले," ती हसत म्हणाली. मग तिचं तिलाच कसंतरी झालं. "तसं न्हाई सर... ही तुरीची डाळ आणलीय. शेतातली हाय."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. पार्वतीबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांना सहीपुरती अक्षरं येत. पुस्तक वाचून दाखवणारं घरात आता कुणी नव्हतं. डोळे जाऊन इतकी वर्षं झाली, पण अंधार किशनरावांना आज पहिल्यांदा जाणवला.

मंजुषा चपला घालू लागली. आवाजाच्या रोखानं त्यांनी मान वळवली.

"मंजे, डाळ ने परत. क्लासलाच शिकू दे तिला, मी मधे पडायचो नाही. फक्त येताना इथं दारात थांबून एक गणित मोठ्यानं वाचून जा म्हणावं. तेवढं सांग."