पिवळ्या मांडवातलं बारसं

न रडणाऱ्या बाळाला आमच्याकडे गुणी म्हणतात. पुढे आयुष्यात जे गुण उपयोगी पडतात त्यांतला एकही बारा दिवसांच्या जिवात नसतो, म्हणून आवाज न करणं हाच गुण धरला जातो. मोठेपणीही आपण माणसांकडून फार वेगळं काही मागत नाही म्हणा.

माझा भाचा फार गुणी होता.

त्याचं बारसं आंदर मावळात, त्याच्या आजोळी झालं. माझा धाकटा भाऊ नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, या नियमाने भावजय तिच्या गावी गेलेली. मी लोणावळ्यात एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते. आत्या या नात्याने त्या दिवशी माझ्याकडे एकच काम होतं, पाळण्यात वाकून बाळाच्या कानात त्याचं नाव सांगायचं. बाळाला मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

गावाच्या वेशीवर भला मोठा फ्लेक्स होता. भावाचे सासरे गावचे माजी सरपंच. पद गेलं तरी फ्लेक्सची सवय राहिलेली. वर दहा-बारा पुढाऱ्यांचे गोल फोटो, मध्ये सासऱ्यांचा हात जोडलेला, आणि खाली कोपऱ्यात बाळाचा. ते बाळ निळ्या डोळ्यांचं आणि सोनेरी केसांचं होतं. मी भावाला विचारलं, "हा कोण?"

"इंटरनेटवरचा आहे," तो म्हणाला. "बारशाआधी बाळाचा फोटो काढू देईनात. दृष्ट लागते म्हणाले."

म्हणजे दृष्ट कुणा परक्या देशातल्या पोराला लागली तर चालणार होती.

भाताची कापणी होऊन गेली होती. घरासमोरच्या रिकाम्या खाचरात मांडव घातलेला, वरपासून खालपर्यंत पिवळ्या कापडाचा. दुपारचं ऊन त्यातून गाळून येत होतं आणि खालची सगळी माणसं, भांडी, पत्रावळी, सगळंच पिवळं दिसत होतं. सासरे ज्यांना 'सायेब' म्हणत होते ते मुख्य पाहुणे अजून यायचे होते. त्यांच्यासाठी मांडवात लाल सोफा ठेवलेला. पाळणा सोफ्याच्या बाजूला, जरा मागे.

मी आधी बाळंतिणीच्या खोलीत गेले. खिडकीला गोधडी अडकवलेली, शेगडीवर ओव्याची धुरी. अंधारात आधी काहीच दिसेना. मग भावजय दिसली, डोक्याला घट्ट रुमाल, दोन्ही कानांत कापूस. तिच्या मांडीवर बाळ होतं, साय-हळदीने नुकतंच चोळून न्हाऊ घातलेलं. मी त्याचा हात उचलला आणि सोडला. तो नुसता खाली पडला.

"झोपलाय का?"

"सारखाच झोपतो, ताई," भावजय म्हणाली. "दूध ओढतच नाही. तोंडात दिलं की दोन घोट घेतो न् सोडून देतो."

तिची आई दारातून म्हणाली, "अगं, गुणी हाय तो. तू लहानपनी घर डोक्यावर घ्यायचीस, तवा बरं वाटायचं व्हय?"

या मावशी मला आवडायच्या. चार पोरं वाढवलेली, हात सतत कामात, बोलणं तिखट. लेकीची नि नातवाची रोजची चोळणी त्या स्वतः करत होत्या, त्यासाठी हळदसुद्धा घरच्या जात्यावर दळलेली. त्यांच्या मायेत कुठेही खोट नव्हती. पुढच्या सगळ्यात मला याचंच जास्त वाईट वाटतं. कुणी निष्काळजी असतं तर त्याच्यावर चिडता तरी आलं असतं.

मी विचारलं, "दवाखान्यातून सोडताना परत दाखवायला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं व्हतं. पर ओली बाळंतीन उंबरा कशी वलांडंल? आन् एष्टी तरी कुटं येती येळंवर? बारसं झालं की नेऊ."

फोटोग्राफर आत आला. बाळाला मांडवात आणलं, पाळण्यात ठेवलं. त्याने दोन-चार फोटो काढले, कॅमेऱ्याच्या मागे पाहिलं आणि मान हलवली. "बाळ लय पिवळं येतंय. मांडवाचं कापड मारतंय. असू द्या, घरी कॉम्प्युटरवर टाकून गोरं करतो."

सगळे हसले. मावशी म्हणाल्या, "माझी हळद बी धर त्यात."

मग नाव ठेवायची वेळ झाली. साहेब यायच्या आत नको असं सासऱ्यांचं म्हणणं होतं. पण बायकांना स्वयंपाकाची घाई, त्यामुळे या एका बाबतीत त्यांचं चाललं नाही. बायका माझ्याभोवती जमल्या. आत्या कानाशी वाकली की तिच्या पाठीत बुक्के घालायचे ही रीत. मी वाकले. पाठीत दणादण बुक्के बसायला लागले, कुणीतरी कानठळ्या बसतील असा स्पीकर लावला, बाहेर फटाक्यांची माळ उडाली.

बाळ दचकलं नाही. पापणीही हलली नाही.

मी नाव सांगितलं. रीतीप्रमाणे कुर्रर्र केलं. माझं नाक त्याच्या कानाला लागलं होतं आणि कानामागची जागा मला दिसत होती. चोळणारा हात कानाच्या पाळीमागे सहसा जात नाही. तिथे हळदीचा कण नव्हता, साय नव्हती. तरी तिथली कातडी झेंडूसारखी होती.

मी तांब्यातल्या पाण्यात रुमाल बुडवला आणि त्याचं कपाळ पुसलं. मग छाती, पोट, शेवटी तळपाय. कपाळाचं पहिलं पुसणं जरा पिवळसर निघालं. नंतर रुमाल पांढराच राहिला. बाळ मात्र होतं तसंच. बोटाने मी त्याची पापणी वर केली. डोळ्यातला पांढरा भाग पांढरा नव्हता.

"मावशी, ही हळद नाही. कावीळ आहे."

मावशींचा हात पाळण्याच्या दोरीवर थांबला. पण माघार घेण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. "पयल्या आठवड्यात समदीच पोरं पिवळी असत्यात. माझी चारी व्हती. तुमी लय वाचता ताई, म्हनून तुमाला जिकडंतिकडं रोग दिसत्यात."

"आठवडा संपून गेला, मावशी."

सासरे आले. आवाज खाली ठेवून, हसऱ्या चेहऱ्याने, म्हणजे पाहुण्यांना कळू नये अशा बेताने म्हणाले, "ताई, सायेब निघालेत. वाटंतच हाईत. येतील, पोराच्या डोक्यावर हात ठेवतील, दोन घास खातील. मग न्या की. दवाखाना कुटं पळून चाललाय?"

मी भावाकडे पाहिलं. त्याच्या कारखान्यात यंत्रांच्या वर एक दोरी असते. काहीही वेगळं दिसलं, नुसती शंका आली, तरी साध्यातल्या साध्या कामगाराने ती ओढायची आणि सगळी रांग थांबवायची. त्याला कुणी जाब विचारत नाही. हे तो मला कौतुकाने सांगायचा. मांडवात तशी दोरी नव्हती. तो सासऱ्यांकडे पाहत होता, मग माझ्याकडे, मग मोबाइलकडे.

भावजय पाटावर बसली होती. तिने कानातला कापूस काढला, आधी एका बाजूचा, मग दुसऱ्या. "कालपासून मागं वाकतोय," ती म्हणाली. "धनुष्यासारखा. मी आईला म्हटलं, तर म्हणाली आळस देतोय, वाढीला लागलाय."

तिने पाळण्यातून बाळ उचललं, दुपट्यात गुंडाळलं आणि ती मांडवातून चालत गाडीकडे निघाली. ओटीतले तांदूळ तिच्या पदरातून सांडत गेले. मावशी म्हणाल्या, "अगं, डोक्यावरून घे, वारं लागंल." आणि स्वतःची शाल घेऊन तिच्यामागे पळाल्या. त्यांनी विरोध संपवला तो असा.

गाव ओलांडून थोडं खाली आलो तर अरुंद वळणावर समोरून साहेबांच्या गाड्या. पांढऱ्या, एकामागून एक. रस्ता एकाच गाडीपुरता. मागे कुणी घ्यायचं हा प्रश्न अशा वेळी विचारावा लागत नाही. भावाने आमची गाडी उलटी घेत पार वेशीपर्यंत, त्या फ्लेक्सखाली आणली. साहेब उतरले. सासरे मांडवातून धावत आलेच होते. त्यांनी काहीतरी सांगितलं असावं, कारण साहेबांनी चेहरा गंभीर केला, खिडकीतून हात आत घातला, बाळाच्या डोक्यावर ठेवला आणि मान कॅमेऱ्याकडे वळवली. फोटो झाला. "काही लागलं तर फोन करा," ते म्हणाले. लागत फक्त रस्ता होता. त्यांच्या शेवटच्या गाडीने तो सोडेपर्यंत भावजय काचेवर कपाळ टेकून बसली होती.

तेव्हा बाळ रडलं. बारीक, ताणलेला, मांजराच्या पिल्लासारखा आवाज. मावशी गाडीत मागे होत्या. "रडला," त्या म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं होतं.

तळेगावात रविवारी उघडा असलेला बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना सापडला. डॉक्टर बाई वयाने भावजयीएवढ्याच. त्यांनी बाळाला खिडकीजवळ उजेडात नेलं, कपडे काढले, छातीवर, मग मांडीवर, मग तळपायावर बोट दाबून पाहिलं. आवाज ऐकला. मग फोन उचलला आणि पिंपरीकडच्या मोठ्या रुग्णालयात जागा आहे का विचारायला लागल्या. आम्हाला त्या तोवर काहीच बोलल्या नव्हत्या. मला वाटतं, मावशींना तेव्हा कळलं.

पुढे जे झालं ते थोडक्यात सांगते. बाळाचं आणि आईचं रक्त जमणारं नव्हतं, त्यात दूध पोटात जात नव्हतं, आणि कावीळ चढत गेली होती. त्याला निळ्या दिव्यांखाली ठेवलं, अंगातलं रक्त बदललं. आठवडाभराने तो दूध ओढायला लागला.

घरी सोडायच्या आधी मावशींनी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, "पर समदीच पोरं पिवळी असत्यात ना?"

"बरीचशी असतात, मावशी, आणि बहुतेकांचं आपोआप जातं," ते म्हणाले. "घोळ त्यामुळेच होतो. जन्मल्याच्या पहिल्याच दिवशी पिवळं दिसलं, पिवळेपणा पोटाच्या खाली पायांकडे उतरला, दोन आठवडे झाले तरी गेला नाही, तर दाखवायचं. आणि दूध सोडलं, उठवून उठेना, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास ओढून घ्यायला लागलं, तर पिवळं असो की नसो, घरात थांबायचंच नाही. आणि बाळ उजेडात बघायचं. अंधारात सगळी सारखीच दिसतात."

"कधी आनायला पायजे व्हतं?"

"थोडं आधी," डॉक्टर म्हणाले. चांगला माणूस होता. दिवस सांगितला नाही.

इतकी चढलेली कावीळ मेंदूला आणि कानांना इजा करते, म्हणून महिन्याभराने ते आम्हाला परत बोलावून कानांची तपासणी करणार होते. त्या तपासणीच्या आसपासच बारशाचा अल्बम आला. जाड पानं, मखमली डबा. फोटोग्राफरने शब्द पाळला होता. प्रत्येक पानावर बाळ गोरंपान, गुलाबी, गालांवर लाली. साहेबांचा हात डोक्यावर असलेल्या फोटोत तर फ्लेक्सवरच्या बाळाचा सख्खा भाऊ शोभावा असं. त्या दिवसाचा दुसरा पुरावा घरात नाही. उद्या कुणी तो अल्बम पाहिला तर म्हणेल, काय सुदृढ बाळ होतं. तपासणीत निघालं की त्याला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही.

आता तो चार वर्षांचा आहे. कानांमागे यंत्रं आहेत, त्यातून त्याला जे काही पोचतं ते आम्हाला कळत नाही. मान उशिरा धरली, चालायला उशिरा लागला, चालणं अजून जरा तिरकं आहे. यंत्रं काढली की त्याला बोलवायला आम्ही जमिनीवर पाय आपटतो. ते त्याला तळव्यातून कळतं आणि तो वळतो. मी कानात सांगितलेलं नाव घरात फारसं कुणी उच्चारत नाही. ते कागदोपत्री आहे.

गेल्या हिवाळ्यात त्याच खाचरात आणखी एक बारसं झालं, भावजयीच्या भावाच्या दुसऱ्या मुलीचं. मावशींनी मांडवाला पांढरं कापड लावायला लावलं. व्याह्यांना ते अशुभ वाटलं. ते तसं बोललेही. मावशींनी ऐकलं नाही. हळद घरात होती, पण भाजीसाठी. खोलीची खिडकी पहिल्या दिवसापासून उघडी होती आणि सुनेला बाळासकट दोनदा तळेगावला नेऊन आणलेलं. गावातल्या बायका म्हणत होत्या, म्हातारीला येड लागलंय, बाळंतिणीला वाऱ्यावर सोडलीय. सासऱ्यांचा फ्लेक्स याही वेळी वेशीवर होता. याही वेळी फोटो इंटरनेटवरचा.

नाव ठेवताना ती पोर रडायला लागली. स्पीकरला, फटाक्यांना, बुक्क्यांना, सगळ्यालाच. थांबेचना. पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, "लय किरकिरी दिसती गं पोरगी. लेकीचा किती गुणी व्हता."

मावशी दोरी ओढत होत्या. "रडू दे," म्हणाल्या.

माझा भाचा पाळण्याचा कठडा धरून उभा होता. यंत्रं गर्दीत त्रास देतात म्हणून त्याने काढून आईच्या हातात दिलेली. लाकूड हादरत होतं ते त्याच्या तळहातांना कळत असावं. तो त्या उघड्या, लाल, थरथरणाऱ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने आपलंही तोंड तितकंच मोठं उघडलं, आणि तसंच ठेवलं.