आमच्याकडे आली की चालू होणारी गाडी

कुलकर्णी सरांचं नाव आधी लिहितो. त्यांनी त्या दिवशी त्यांची स्कूटर दिली नसती, तर मी पुण्यात हडपसरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये पुन्हा पाण्याचा पाइप धरून उभा राहिलो असतो. सर आमचे फ्लोअर सुपरवायझर. मी भंडारा जिल्ह्यातला, शाळा नववीत सोडलेली. इथे गाड्या धुवायला लागलो होतो. जेवणाच्या सुट्टीत मी इलेक्ट्रिशियनच्या मागे उभा राहून बघत असतो, हे सरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला इलेक्ट्रिकलला घेतलं. मॅनेजरसाहेबांना ते काही पटलं नव्हतं.

सर 'तू' म्हणाले की सगळं ठीक असायचं. 'अहो' आणि 'आपण' सुरू झालं की समजायचं, काहीतरी बिघडलंय.

त्या सकाळी ते म्हणाले, "अहो लांजेवार, आपली लाडकी गाडी परत आली आहे."

पांढरी, नवी गाडी. मांजरी गावातल्या सोनाली मॅडमची. त्या आयटी पार्कात नोकरीला. तक्रार एकच: कधीकधी किल्ली फिरवली की काहीच होत नाही. आधी दोनदा येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा 'ओके' म्हणून मीच सोडली होती.

किल्ली फिरवली की बॅटरीचा करंट स्टार्टर मोटरला जातो आणि ती मोटर इंजिनाला पहिला धक्का देते. बॅटरी उतरली असेल तर डॅशबोर्डचे दिवे मंदावतात, नुसतं कट-कट वाजतं. मॅडम सांगायच्या की दिवे लख्ख असतात आणि आवाज अजिबात येत नाही. म्हणजे करंट मोटरपर्यंत पोचतच नव्हता. वाटेत कुणीतरी त्याला अडवत होतं. नव्या गाड्यांत अडवणारे बरेच असतात. किल्लीत चिप असते, ती ओळखली गेली नाही तर गाडी चालू होत नाही. क्लचच्या पेडलमागे छोटा स्विच असतो, क्लच पूर्ण दाबल्याशिवाय तो परवानगी देत नाही. मी बॅटरी, रिले, चिप, स्विच, सगळं तपासलं होतं. स्कॅनर लावला, तर स्कॅनर म्हणतो एकही फॉल्ट नाही. आमच्याकडे ती गाडी किल्लीला हात लावायचा अवकाश, चालू व्हायची.

मॅनेजरसाहेब आले. "काय निघालं?"

"काही नाही सर. चालू होतेय."

"मग मॅडम काय आपल्याला भेटायला येतात? स्टार्टर मोटर बदल आणि विषय संपव."

"पण सर, मोटर चांगली आहे."

"चांगली आहे तर गाडी परत का येते? कुलकर्णी, ही आणखी एकदा आली, तर तुमचा हा इलेक्ट्रिशियन परत वॉशिंगला."

ते गेले. गावी आईला फोनवर सांगून झालं होतं की मी आता इलेक्ट्रिशियन आहे. तिने ते अख्ख्या आळीत सांगितलं होतं. घाबरलो की माझी बोली बाहेर येते. मी म्हणालो, "सर, आता मले काहीच सुचून नाही राहिलं."

"काहून?" सर म्हणाले. माझ्या बोलीतले शब्द ते असेच मला परत द्यायचे. मग किल्ली माझ्या हातात ठेवली. "गाडी इथे बरी असते, घरी आजारी पडते. डॉक्टर असतास तर काय केलं असतंस?"

"घरी गेलो असतो."

"मग गाडी आहे तशी मॅडमना परत दे. उद्या सुट्टी आहे, त्या घरी असतील. माझी स्कूटर घेऊन जा. डोकं मात्र तुझं ने, माझं मला लागतं."

'तू' ऐकून मला जरा बरं वाटलं. मॅनेजरना काय सांगायचं ते सरांनी स्वतःकडे घेतलं.

दुसऱ्या दिवशी मांजरीला गेलो. उसाच्या फडाला लागून नवं घर, दारात गाडी. सोनाली मॅडमचे सासरे, आप्पा, खुर्ची टाकून बसलेच होते.

"या. मी चालू केली की गाडी चालू हुती. माझ्या पोराच्या हातानंबी हुती. हिलाच तेवढी नडती," ते म्हणाले. "गाडी बाईमाणूस वळखती का काय?"

"आप्पा, त्यांना बघू तर द्या," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "आज नाही सापडलं तर मी परत कंपनीच्या बसने जाणार आहे. रोज सकाळी हे ऐकून निघायचं, कंटाळा आलाय."

म्हणजे त्या गाडीपायी अडचणीत आलेला मी एकटाच नव्हतो.

मी टेस्टर लावून बसलो. मॅडमनी किल्ली फिरवली, गाडी चालू. बंद केली, पुन्हा चालू. आप्पा खाकरले. पुढच्या वेळी किल्ली फिरली आणि काहीच झालं नाही. दिवे लख्ख, आवाज नाही. इतका आनंद मला गाडी चालू झाल्यावरही कधी झाला नव्हता.

"मॅडम, पाय तसाच ठेवा. हलू नका."

मी खाली वाकून टॉर्च मारला. क्लचचं पेडल खालपर्यंत गेलंच नव्हतं. ते एका हिरव्यागार गवतात रुतून बसलं होतं. प्लास्टिकच्या गवताचं जाड मॅट, हडपसरच्या बाजारात मिळतं तसलं. त्याखाली रबरी मॅट, त्याखाली कंपनीचं मॅट आणि सगळ्यात खाली वर्तमानपत्रांची घडी.

"हे कुणी घातलं?"

"म्या," आप्पा म्हणाले. "नवी गाडी हाय. रानातली माती आत यील का न्हाय?"

आप्पांचा आणि त्यांच्या मुलाचा पाय जड. ते दाबायचे तेव्हा गवत चेपायचं आणि स्विच लागायचा. मॅडमचा पाय हलका. गाडीला वाटायचं, क्लच कुणी दाबलाच नाही. तसं असेल तर ती चालू न होणं बरोबरच. स्कॅनर तरी फॉल्ट कशाचा दाखवणार?

मी सगळे थर बाहेर काढले. मॅडम पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत राहिल्या, गाडी दर वेळी चालू होत राहिली.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "गाडी बाईमाणूस ओळखते म्हणत होतात ना?"

आप्पांनी मॅट उचलून उलटसुलट पाहिलं. "गवत जरा जास्तच दाट निघालं," ते म्हणाले. मग सुनेला म्हणाले, "च्या ठेव. न्हाय, ऱ्हाऊ दे, तू गाडी घिऊन चक्कर मारून ये. च्या मी ठेवतो."

चहा घेताना मला आमचं वर्कशॉप आठवलं आणि मी कप खाली ठेवला. गाडी गेटमधून आत आली की वॉशिंगची पोरं पहिलं काम काय करतात? मॅट काढून डिकीत टाकतात आणि पायाखाली कागद अंथरतात. गाडी परत देताना मॅट पुन्हा जागेवर. दोन पावसाळे मी तेच काम केलं होतं. आजार दारातच काढून ठेवायचो आणि मग आत शोधत बसायचो.

निघताना आप्पांनी स्कूटरला उसाची मोळी बांधून दिली. सर गेटवरच भेटले. त्यांनी मोळीकडे पाहिलं.

"फॉल्ट शोधायला पाठवलं होतं. रसवंती काढायला परवानगी कुणी दिली?"

मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, पण जाऊन मॅनेजरसाहेबांना ऊस देऊन आले. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: स्टार्टिंगची तक्रार असेल तर इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय मॅट काढायचं नाही. गाडी परत आली नाही, सोनाली मॅडम नोकरीला गाडीनेच जातात, आणि मी इलेक्ट्रिकलला राहिलो. या धंद्यात मी एवढं शिकलो की तक्रार धुऊनपुसून तपासू नये, जशी येते तशीच बघावी.

सर आता रिटायर झालेत. आयुष्यभर गाड्यांत काढूनही स्वतः अजून त्याच स्कूटरवर फिरतात. माझ्या गावाचा विषय निघाला की, पुणं संपतं तिथे जगही संपतं अशा थाटात विचारायचे, "वाघोलीच्या पुढेही गावं असतात म्हणतोस?" मी सेकंडहँड गाडी घ्यायची ठरवलीय. घेतली की सरांना पुढच्या सीटवर बसवून वाघोलीच्या पुढे, थेट आमच्या दारापर्यंत नेणार. आईला त्यांना बघायचंय. पायाखाली मॅट मात्र एकच असेल, तेही पातळ.