पोळ्याच्या दिवशी तोडलेले पळस

स्वातंत्र्यानंतरच्या तीन-चार वर्षांतली गोष्ट. गोंदियात आमच्या गल्लीतल्या घरांपुढून विहिरीपर्यंत जाणारा रस्ता उघडाबोडका होता. उन्हाळ्यात भरल्या घागरी घेऊन येताना डोकं भणभणायचं. सावली हवी, एवढंच माझं म्हणणं होतं.

शेजारी राहणारी थोरली जाऊ आणि मी, दोघींनी बायका गोळा केल्या. कोणी कडुनिंब म्हणाली, कोणी आंबा. मी पळस सुचवला. बकरी त्याला तोंड लावत नाही, आणि बी जागच्या जागी टोचलं की पुरे.

"हिच्या माहेरी दुसरं झाडच नसन," जाऊ म्हणाली. सगळ्या हसल्या. मग तीच उभी राहिली. "ज्याच्या दारापुढं झाड, त्यानंच त्याले पाहाचं. अन् पोळ्याले याचे मेढे तोडाचे नाहीत. कबूल?"

हे बोलणं गरजेचंच होतं. आमच्याकडे पोळ्याच्या संध्याकाळी दारात पळसाची फांदी उभी करतात, तो मेढा. दुसऱ्या दिवशी उजाडताच, रोगराई नेणाऱ्या नारबोदेला हाका मारत तो नेऊन गावाबाहेर फेकतात. दार मेढ्यावाचून राहिलं तर वर्षाची रोगराई घरातच राहते, असं सगळ्या मानतात.

सगळ्यांनी कबूल केलं आणि पावसाच्या तोंडावर दारोदारी बी टोचलं. तिसऱ्या वर्षी झाडं माझ्या खांद्याला लागली. पोळ्याआधी आई आजारी म्हणून मी सौंदडला माहेरी निघाले. जावेला सांगितलं, "बाई, साऱ्या गल्लीचे मेढे मी सौंदडहून आणीन. पोळ्याले दुपारच्या गाडीनं येईन."

"ये बापा. मी सांगतो साऱ्याइले."

गाडी वेळेवर आली. मेढ्यांची मोळी डोक्यावर घेऊन गल्लीत शिरले, तर दारोदारी मेढे लागलेले. झाडं गुडघ्यापर्यंत छाटलेली, माझं तर बुडातूनच. शाबूत होतं फक्त जावेच्या दारापुढचं. तिच्या दारातल्या मेढ्याला दुहेरी फाटा होता. तसा फाटा माझ्याच झाडाला होता.

"काऊन वो बाई? मी आणीन म्हटलं होतं ना?"

"गाडीचा काय भरोसा?" ती कणीक तिंबत म्हणाली. "अन् पळसच त होय. फुटन पुन्हा."

"मंग तुमचं काऊन उभं हाये?"

"माह्या दारापुढच्या सावलीनं तुह्या पोटात दुखून राहिलं काय?"

समोरच्या घरातल्या बाईला विचारलं. ती गोंधळली. "तू मेढे आणून राहिली, हे कोणी नाही सांगितलं वो. कोयता तुह्या जावेनंच देल्ला. म्हणे, लहानीनं हो म्हटलं हाये."

मी मोळी चुलीजवळ टाकली आणि त्यातला एक मेढा दारात लावला.

सकाळी सगळी गल्ली "घेऊन जा गे नारबोद" ओरडत निघाली. जाऊ दुहेरी फाट्याची फांदी ओढत माझ्या दारावरून गेली. "चाल ना लहाने," म्हणाली. मी खुंटाभोवती काटे लावत राहिले.

पळस फुटला. तेवढं तिचं खरं ठरलं. पुढच्या उन्हाळ्यात बायकांनी नव्या झाडांसाठी बैठक बोलावली. मी गेले, तर जाऊ पुढे बसून कोणाच्या दारी कोणतं झाड ते सांगत होती. मी घरी परतले, घागर उचलली आणि विहिरीचा रस्ता धरला. ऊन चांगलंच तापलं होतं.