रुळापलीकडची पिल्लं

कोल्हापूरच्या चित्तेखान्यात मीरासाब म्हणजे मोठं प्रस्थ. महाराजांच्या अमदानीतली गोष्ट. तेव्हा चित्त्यानं काळवीट धरायची शिकार चालायची. बैलगाडीवर चित्ता बसवायचा, डोळ्यांवर चामड्याची टोपी बांधायची, माळावर कळप दिसला की टोपी काढायची आणि गप्प बघत राहायचं. रानातल्या चित्त्याला ह्या कामाला लावतो तो चित्तेवान. मीरासाबच्या घराण्यात हे काम बापजाद्यांपासून चालत आलेलं. चित्त्याशेजारी बाज टाकायची, दिवसभर त्याच्याशी बोलत बसायचं, लाकडी पळीनं मांस भरवायचं. काही महिन्यांत जनावर मांडीवर डोकं टाकायचं. गडी अंगानं किडकिडीत, पण बाजारातून निघाला की छाती अशी काढायचा, की आकाराम मागनं ओरडायचा, "मीरासाब, जरा बाजूला हो की! गाड्या जाऊ देत लोकांच्या."

हा आकाराम म्हणजे कोडोलीचा. चित्त्याचा गाडा हाकायचा. बैलांत जीव आणि तोंड फाटकं. दोघं दिवसभर भांडायचे, पण एकाचं दुसऱ्यावाचून पान हलायचं नाही.

आपल्या मुलखातले चित्ते तोवर संपत आले होते. मीरासाबच्या बापानं स्वतः रानात जाऊन धरले होते. मीरासाबच्या वाट्याला आले ते विकत घेतलेले, पुरते वाढलेले. त्यामुळं मोठी लढाई संपून बोटी सुरळीत चालू झाल्या आणि चित्तेखान्याच्या दरोग्यानं, गणपतरावांनी, "आफ्रिकेला जाऊन एक चांगली मादी धरून आण," असा हुकूम सांगितला, तेव्हा गडी हरखून गेला. बायकोनं, ताजबीनं, डोळ्याला पदर लावला. "एवढ्या पाण्यावरनं जायाचं. जनावर गावलं न गावलं, तुमी तेवढं परत या," म्हणाली. तो हसला. रिकाम्या हातानं परत यायचं त्याच्या डोक्यातसुद्धा नव्हतं.

मदतीला आकारामला बरोबर घेतला, पण बोटीत त्याला उलट्यांनी पार लोळवला. मोंबासाला उतरून आगगाडीत बसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून जे दिसलं ते बघून दोघांची तोंडं उघडीच राहिली. नजर पोचेल तिथवर गवत, आणि गवतात जनावरंच जनावरं! पट्ट्यापट्ट्यांची घोडी, उंटाहून उंच मानेचे जिराफ, हरणांचे तर कळपावर कळप. गाडी धडधडत चाललेली आणि एकही बुजत नव्हतं. शेजारी एक कच्छी दुकानदार बसला होता. त्यानं सांगितलं, रुळाच्या त्या अंगाचं सगळं रान राखीव. तिथं शिकार बंद, धरायलाही बंदी. ह्या अंगाला परवाना असेल तर चालतं.

"आपल्याकडं बी रान राखत्यात की, दाजीपूरला," आकाराम म्हणाला. "म्हाराजांच्या शिकारीला. हितं कुणासाठी राखलंय?"

"कुणासाठीच न्हाई. जनावरांसाठीच," दुकानदार म्हणाला.

"जनावरांसाठी जनावरं? काय तरीच बोलताय पावणं."

मीरासाब खिडकीला कपाळ लावून बसला. जन्मभर त्यानं चित्ता पाहिला तो दोरीला. त्या गवताकडं बघताना त्याला वाटलं, काही दिवस नुसतं बघत बसायला मिळालं तर काय बहार होईल. पण आला होता कामाला.

रुळाच्या अलीकडं त्याला एक झाड सापडलं. चित्ते फिरता फिरता ठरावीक झाडापाशी येतात, तिथं नखं घासतात, वास सोडतात. बापानं शिकवलेलं सगळं त्याला आठवत होतं. त्या झाडाभोवती त्यानं तातीचे, आतड्याच्या चिवट दोरीचे, फासे मांडले आणि चार-पाच दिवसांत मादी अडकली. काय मादी! लांबसडक पाय, खोल छाती, मोहरेसारखे डोळे. आकारामनं तिच्यावर घोंगडं टाकलं, मीरासाबनं टोपी चढवली, पाय बांधले. तिला भाड्याच्या गाड्यावर घेत होते तेव्हा रुळापलीकडच्या गवतातून चिवचिव ऐकू येत होती.

"पाखरं कसली रं ही? दिसंना झालीत," आकाराम म्हणाला.

"असतील कसली तरी. तू हात लाव आधी."

मादीच्या पोटाकडं त्यानं बघितलं नाही. दिवाळी उलटून थोडेच दिवस झाले होते. ह्या दिवसांत मादीला दूध नसतं, असं बाप सांगायचा, आणि बापाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण बाप सांगायचा ते आपल्या मुलखाचं. तिकडचा पाऊस वेगळा, तिकडचे हंगाम वेगळे, हे ह्या शहाण्याच्या ध्यानात यायला नको?

ते ध्यानात आलं मोंबासाला. बोट सुटायला दोन दिवस होते. गोदीतल्या छपराखाली तो पिंजऱ्यातलं गवत बदलत होता, तर गवत ओलं लागलं. हात नाकाशी नेला. दूध. तेवढ्यात मादीनं मान वर केली आणि साद घातली. गुरगुर नव्हे. चिवचिव! अगदी पाखरासारखी.

मीरासाब तिथंच खाली बसला. आयुष्य चित्त्यांत गेलं, पण त्याच्याकडं आलेली सगळी जनावरं मोठी. आई पिल्लांना कशी हाक मारते, पिल्लं कशी ओ देतात, त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

आकारामला सांगितलं तसा तो म्हणाला, "मग बसलास काय? सकाळची गाडी हाय. पिंजरा टाकू तीत, जितनं उचलली तितं सोडू."

"आणि बोट?"

"गेली तर गेली! बारकी पोरं हाईत रं तिची. किती दिस जगतील?"

"परवाना संपतोय आकाऱ्या. मग दुसरं जनावर कुठलं? कोल्हापुरात जाऊन काय सांगू? चित्तेवानाच्या पोराला दुधाची मादी कळली न्हाई? तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का?"

"माझं नाव सांग. गाडीवानाला कळलं न्हाई म्हण. माझं काय जातंय?"

काय माणूस! दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पिंजरा घेऊन स्टेशनापर्यंत गेलेही. गाडी उभी होती. मीरासाबनं पिंजऱ्याच्या दांडीला हात घातला, आणि त्याच्या डोळ्यांपुढं सगळा चित्तेखाना उभा राहिला, तोंडावर हात धरून हसणारा. त्यानं हात काढून घेतला. गाडी निघून गेली. आकाराम त्याच्याशी मुंबई येईतोवर बोलला नाही. बोटीवर मादी साद घालायची, ओ ऐकायला थांबायची, पुन्हा घालायची. मीरासाब कानांत बोटं घालून बसायचा.

कोल्हापुरात वाजतगाजत स्वागत झालं. त्यानं मादीला शिकवली, कारण दुसरं त्याला येत काय होतं? हळूहळू तिचं दूध आटलं. पुढं साद घालणंही थांबलं. ज्या दिवशी तिनं त्याच्या मांडीवर डोकं टाकलं, त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. ताजबीनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "ती इसरली गं."

पहिल्याच शिकारीत मादीनं कळपातलं सगळ्यात मोठं काळवीट लोळवलं. माळावर एकच गिल्ला झाला. गणपतरावांनी भर लोकांत मीरासाबला फेटा बांधला, पाठीवर थाप मारली. "मागशील ते देतो. बोल!"

मीरासाब मादीकडं बघत राहिला. शेवटी म्हणाला, "काय नको दरोगासाब. एक इचारू? तवा मी हात हलवत परत आलो असतो, तर?"

"तर काय?" गणपतराव मोठ्यानं हसले. "दोन शिव्या घातल्या असत्या आणि पुढच्या बोटीनं परत धाडला असता. आफ्रिकेत चित्त्यांचा दुष्काळ पडलाय व्हय? लेका, हे काय इचारणं झालं?"

ते घोड्यावर बसून पुढं गेले. लोकही पांगले. आकारामनं बैल जुंपले, मादीला टोपी घालून गाड्यावर घेतली, आणि हाक मारली तरी मीरासाब जागचा हलेना. आकाराम जवळ गेला तर तो रडत होता.

"दोन शिव्या," मीरासाब म्हणाला. "आकाऱ्या, दोन शिव्याच हुत्या रं."