केंद्रातला खोटा नवरा

माझं लग्न अजून झालं न्हाई, पण निलंग्यात मी लई बायांचा नवरा होऊन बसलोय. सासू पण झालोय. एकदा तर नवरा, सासू आणि दीर तिघंही एकाच दुपारी झालो आणि संध्याकाळपर्यंत घसा बसला.

काम असं होतं. आमच्याकडं कुटुंब सल्ला केंद्र होतं. दोन खोल्यांचं, सरकारच्या अनुदानावर चालणारं. सल्ला द्यायला एक ताई, नांदेडला शिकलेल्या. मी शिपाई, म्हणजे झाडू, पाणी, चहा आणि झेरॉक्स. सासरी त्रास असलेली बाई आली की ताई तिचं ऐकून घ्यायच्या, मग दोन्हीकडच्या लोकांना बोलावून बैठक लावायच्या. पण नवरा समोर आला की बाई गपगार. आदल्या दिवशी रडून रडून सांगितलेलं सगळं गिळून टाकायची. मी शाळेपासून नकल्या. हेडमास्तरच्या आवाजात शाळा सुटल्याचं सांगून मार पण खाल्लेला. ते ताईंना कळलं, तर म्हणल्या, "तू नवरा हो. हिला आधी तुझ्यासमोर बोलू दे."

मग मी खुर्चीत पाय फाकवून बसायचो, गालात गुटखा धरल्यासारखं बोलायचो. सासू करायची तर टेबलावरचं फडकं डोक्यावर. बाया आधी हसायच्या, मग चिडायच्या, आणि चिडल्या की बोलायच्या. ते एकदा जमलं की मगच बैठक.

एक बाई यायची, माहेरी भावाकडं राहणारी. सासर पार कर्नाटकाच्या सीमेला, म्हणून कानडी मिसळून बोलायची. मला तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. नवऱ्यानं तिला मारून हाकललं होतं आणि बारकी पोरगी ठेवून घेतली होती. तिला बाकी काहीच नको होतं. पोरगी पाहिजे होती.

ताईंनी नवऱ्याला फोन लावला तवा मी त्याचा आवाज ऐकून घेतला. नाकातून बोलायचा आणि सारखं "काय?" लावायचा. दुसऱ्या दिवशी मी त्या आवाजात "तू कोण सांगणारी, काय?" म्हणलं, तर बाई उठून दारापर्यंत गेली.

"अगं अक्का, मी हाय, तम्मा!"

"मुडद्या, तसाच की रे तू!" म्हणली आणि धापा टाकत बसली.

"आता सांग त्याला, काय पाहिजे ते," ताई म्हणल्या.

ती पदराचं टोक पिळत बसली. लई दिवस पिळलं. मग एका दुपारी मी माझं वाक्य टाकलं, तर माझ्या डोळ्यात बघून म्हणली, "पोरगी माझी हाय. माझ्याजवळ राहील. आजच नेणार." मी नवरेपण सोडून टाळ्या वाजवल्या. ताईंनी गुरुवारची बैठक लावली. सरकारी शिक्क्याची नोटीस गेली, आणि इतके दिवस फोन कापणारा नवरा यायला कबूल झाला.

त्याच आठवड्यात अनुदान थांबलं. उशिरा तर ते कायमच यायचं, ताई तोवर खोलीभाडं पदरचं भरायच्या. ह्या बारीला उशीर नव्हता. बंदच. आम्ही दोघं एसटीनं लातूरला अनुदानाच्या ऑफिसात गेलो. साहेब चांगला माणूस होता. बसा म्हणला, चहा सांगितला.

"बंद न्हाई हो मॅडम, विलीन झालं. आता सगळं जिल्ह्याच्या केंद्रात."

"तिथं कोण बसतंय?"

"भरती व्हायचीय."

"साहेब, गुरुवारी एका बाईची बैठक हाय. तेवढी होऊ द्या."

"घ्या की. पण शिक्का वापरू नका, आमचं नाव घेऊ नका. उद्या माझ्या अंगावर येतंय."

परतीच्या एसटीत मी साहेबाची नक्कल केली. हुबेहूब जमली. ताई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

नवऱ्याकडं बातमी कुठून गेली कुणास ठाऊक. त्याचा फोन आला, "सरकारचं संपलं म्हणं तुमचं. मग आम्ही तिकडं कशाला येऊ, काय? बैठक आमच्या गावात."

गावातली बैठक म्हणजे ग्रामपंचायतीसमोरच्या ओट्यावर गडीमाणसं. तिथं बाई बोलत न्हाई. तिच्याकडून भाऊ बोलतो, नाहीतर मामा. ताई आणि मी नुसतं बघायला गेलो. ताईंना खुर्ची दिली, पण बोला असं कुणी म्हणलं न्हाई. बाई शेजारच्या घराच्या उंबऱ्यात उभी.

भावानं लग्नात दिलेलं सामान मागितलं. कपाट, पलंग, भांडी. समोरचे लगेच कबूल झाले, इतकं लगेच की ताई माझ्याकडं बघायल्या. पोरीचं भावानं काढलंच न्हाई.

तवा बाईच उंबरा ओलांडून पुढं आली. "पोरगी..." म्हणली.

"तू कोण सांगणारी, काय?" नवरा म्हणला. शब्दाला शब्द.

आणि तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. सवयच तशी लागली होती. त्या आवाजाला उत्तर द्यायचं म्हणजे माझ्या तोंडाकडं बघून द्यायचं. माझ्या डोळ्यात बघून, न अडखळता, सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असं म्हणली, "पोरगी माझी हाय. माझ्याजवळ राहील. आजच नेणार."

सगळा ओटा माझ्याकडं वळून बघायला लागला. मग एक म्हातारा म्हणला, "ह्याला का सांगायली ही? कोण हाय ह्यो?"

"केंद्राचा शिपाई हाय," ताई म्हणल्या.

"केंद्र तर बंद पडलं म्हणं. मग शिपाई कुणाचा?"

लोक फिदीफिदी हसले. नवरा हसला न्हाई. "बघा," म्हणला, "अशा बाईकडं पोरगी देऊ का मी, काय?"

मी उठायला लागलो तर ताईंनी मनगट धरलं. मी जेवढं बोललो असतो तेवढं तिच्याच अंगावर गेलं असतं. भाऊ मान खाली घालून टेम्पोवाल्याला हाक मारायला गेला.

कपाट चढलं, पलंग चढला. पोरगी कुठंच दिसेना. तिला आदल्या दिवशीच देगलूरला आत्याकडं नेऊन ठेवलं होतं, हे गल्लीतल्या एका बाईनं ताईंच्या कानात सांगितलं.

बाई टेम्पोत मागं कपाटाला धरून बसली. माझ्याकडं तिनं बघितलं न्हाई. ताईंना विचारलं, "परत बैठक कवा, ताई?"

ताई काही म्हणायच्या आत भाऊ पुढून ओरडला, "आता कसली बैठक? बस गप."

पोरगी यंदा पहिलीत गेली म्हणतात. तिकडंच, बापाकडं.